जर्मनीसाठी खास तुकडी कोणती घ्यावी? पान्झर सोडून सांगा

ओलितवाला, ता. दारव्हा

नमस्कार मंडळी. मी मोबाइलवर युनिसिव्ह खेळतो. सिव्हिलायझेशन ५ या राज्य वाढवायच्या, चालीचालीनं खेळायच्या गेमच्या धर्तीवर बनवलेला फुकट गेम आहे, नेट लागत नाही, जुन्या फोनवरही चालतो. सध्या हरभऱ्याचं ओलित सुरू आहे आणि या आठवड्यात लाइन रात्रीची. एकदा स्प्रिंकलरचे पाइप बदलले की पुढचे तीन तास धुऱ्यावर शेकोटीजवळ बसून काढायचे. त्या तासांत मी हे खेळतो.

आता स्वतःचा मॉड, म्हणजे गेममध्ये घालायची आपली भर, बनवून राहिलो. त्यात प्रोग्रामिंग फारसं नाही. तुकडीचं नाव, ताकद, किंमत, ती कोणत्या देशाची आणि कोणत्या साध्या तुकडीच्या जागी येते, एवढं एका फाइलमध्ये लिहायचं असतं. मराठ्यांचं झालं, जर्मनीवर येऊन अडलो. माझा चुलतभाऊ दहावीत आहे. तो दर वेळी जर्मनीच घेतो आणि पान्झर रणगाड्याची वाट पाहत बसतो.

मला पान्झर नको. एक तर तो येईपर्यंत डाव कोणाच्या तरी बाजूनं झुकलेला असतो, आणि आमच्या फोनवर त्या काळात एकेक चाल संपायला मिनिट-मिनिट लागतं. पण खरं कारण वेगळं आहे. तो रणगाडा ज्या नाझी राजवटीसाठी पोलंडात आणि रशियात घुसला, तिनं माणसांचं काय केलं हे मी वाचलं आहे. पान्झर मिळाल्यावर पोराच्या तोंडावर जो अभिमान येतो तो मला पाहवत नाही. आणि इतिहास म्हणूनही ते नीट बसत नाही. मे १९४० मध्ये फ्रेंच आणि त्यांच्या मित्रांकडे जर्मनांपेक्षा जास्त रणगाडे होते, कित्येकांचं चिलखतही जाड होतं. फरक पडला तो जवळजवळ प्रत्येक जर्मन रणगाड्यात रेडिओ असल्यानं आणि रणगाडे विखरून न टाकता एकगठ्ठा वापरल्यानं. बाकीची बहुतेक जर्मन फौज पायी आणि घोडागाड्यांवरच चालत होती. हे सगळं ‘ताकद जास्त’ एवढ्या एका आकड्यात मावत नाही.

मला अशी तुकडी पाहिजे जिच्यामुळे शेजाऱ्यांना आपली लढायची रीत बदलावी लागली, जी डावाच्या मधल्या भागात येते, आणि जिची उणीवही फाइलमध्ये लिहिता येते. नुसती ताकद वाढवलेली तुकडी कोणत्याही देशाला चिकटवता येते. जाणकारांनी सांगावं.

वऱ्हाडी_गडी, अकोट

काहून एवढा विचार करून राहिला भाऊ? ट्युटॉनिक नाइट घे नं. एज ऑफ एम्पायर्स २ मधे मी तेच घेतो. चालते हळू, पण एकदा जवळ पोचला का त्याच्यासमोर कोणी टिकत नाही. चिलखत पाय त्याचं. पोट्ट्याले रणगाड्याचाच बदला भेटते.

गाविलगड, परतवाडा

वऱ्हाडी भाऊ, खेळायला तो नाइट मलाही आवडतो. पण ट्युटॉनिक ऑर्डर ही धर्मसंस्था होती. तिची सुरुवात जर्मनीत झाली नाही, ११९० मध्ये आक्र बंदरात आजारी यात्रेकरूंच्या सेवेसाठी झाली. पुढे बाल्टिक किनाऱ्यावर तिनं स्वतःचं राज्य उभं केलं. आणि चिलखतातला घोडेस्वार ही त्या काळी अख्ख्या युरोपची चाल होती. तो गेममध्ये पायी का चालतो हेही मला कधी पटलं नाही.

ओलितवाले, तुमची जी अट आहे तिला लांट्सक्नेख्टच बसतो, म्हणजे पगारावर लढणारा जर्मन भालकरी. गेममध्ये तो आधीपासून आहे, पण तिथं तो मुख्यतः स्वस्त भालकरी आहे. त्याची गोष्ट तिथं आलेलीच नाही.

१४७६-७७ मध्ये स्विस भालकऱ्यांनी बर्गंडीच्या ड्यूकची नामांकित फौज तीन लढायांत संपवली. ते पाहून हाब्सबुर्ग घराण्यातल्या, पुढे बादशहा झालेल्या मॅक्सिमिलियननं १४८६-८७ च्या सुमारास जर्मन मुलखातल्या साध्या पोरांना तीच कवायत शिकवायला सुरुवात केली. हातात १४ ते १८ फुटांचा भाला. स्वतःचं हत्यार स्वतः आणायचं, मग महिन्याला चार गिल्डर. अनुभवी माणूस पहिल्या रांगेत उभा राहिला तर त्याला दुप्पट, म्हणून त्याचं नाव डोपलझोल्डनर. आपल्याकडे बारगीर आणि शिलेदार असा भेद होता ना, सरकारी घोड्यावरचा आणि घरच्या घोड्यावरचा? लांट्सक्नेख्ट हा पायदळातला शिलेदार समजा.

१५२२ मध्ये बिकोक्काला याच लोकांनी, स्पॅनिश बंदूकवाल्यांच्या जोडीनं, स्विसांना अडवलं. ज्यांच्याकडून शिकले त्यांनाच. १५२५ मध्ये पावियाला फ्रान्सचा राजा कैद झाला, तिथंही हे होतेच.

आता उणीव. पगार थकला की हे कोणाचेच नसत. १५२७ च्या मार्चमध्ये इटलीत थकबाकीवरून बंड झालं. त्यांचा म्हातारा सरदार गेओर्ग फॉन फ्रुंड्सबेर्ग, ज्याला ते बाप मानत, समजूत घालायला उभा राहिला आणि तिथंच त्याला झटका आला. पुढच्या वर्षी तो गेला. फौज तशीच चालत राहिली आणि ६ मे १५२७ ला रोममध्ये घुसली. पुढं काय झालं ते नागपूरकर भोसल्यांच्या मुलखात पेंढारी शिरल्यावर जे होत असे त्याहून वेगळं नव्हतं. माझ्या मते ही गोष्ट फाइलमध्ये आली तरच ती तुकडी लांट्सक्नेख्ट. स्वस्त करू नका. उभी करायला झटपट, पण सांभाळायला महाग, अशी करा.

विषय निघालाच आहे म्हणून एक सांगतो. वऱ्हाडी भाऊंच्या अकोटपासून अडगाव लांब नाही. २९ नोव्हेंबर १८०३ ला तिथं भोसल्यांच्या फौजेला हरवणारा इंग्रज सेनापती वेलस्ली पंधरा दिवसांनी आमच्या गाविलगडावर आला. तोच माणूस १८ जून १८१५ ला वॉटर्लूला नेपोलियनसमोर संध्याकाळपर्यंत घड्याळ पाहत उभा होता, ब्ल्युशरची प्रशियन फौज कधी येते म्हणून. ती आली आणि लढाई फिरली. गडावर गेलो की मला हे दर वेळी आठवतं.

भरमार, धानोरा (गडचिरोली)

गाविलगड सरांचं वाचलं, छान लिहिलं. तरी मी प्रशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या एका मोठ्या जर्मन राज्याच्या, सुईबंदुकीची बाजू मांडतो, कारण ठासणीची बंदूक मी जवळून पाहिली आहे. आजोबांकडे परवान्याची भरमार होती, धानातली डुकरं हाकलायला. ती भरताना आजोबा कधी बसलेले मला आठवत नाहीत. बसून जमतच नाही. दस्ता जमिनीवर टेकवायचा, नळी उभी धरायची, बारूद ओतायची, वरून चिंधी, मग छर्रे, मग लांब गजानं दोन-तीनदा ठासायचं, गज बाहेर काढून परत खोचायचा, घोडा मागे ओढून टोपी बसवायची. एवढं होईपर्यंत डुकरं बांधाच्या पलीकडे. गज ओढताना आजोबांचा उजवा हात पूर्ण डोक्याच्या वर जायचा. समोर माणूस असता तर तो हातच त्याला आधी दिसला असता.

आता १८६६ च्या प्रशिया-ऑस्ट्रिया युद्धाचा विचार करा. ऑस्ट्रियाचा शिपाई असाच उभा राहून भरतोय. प्रशियाच्या शिपायाकडे ड्रायझेची बंदूक आहे, प्रशियानं १८४१ मध्येच स्वीकारलेली. मागचा खटका उघडला, कागदी काडतूस आत सरकवलं, बंद केलं, झालं. चाप ओढला की लांब सुई कागद आणि बारूद भेदून गोळीच्या बुडाशी ठेवलेल्या ठिणगीच्या मसाल्यावर आदळते. हे सगळं पालथं पडून करता येतं. समोरचा एक बार भरतो तोवर याचे चार-पाच निघतात. ३ जुलैला क्योनिग्ग्रेट्सला ऑस्ट्रियाची माणसं संगिनी रोखून रांगेनं चालत गेली आणि कापली गेली. कैदी धरून त्यांचे ४० हजारांहून जास्त गेले, प्रशियाचे ९ हजारांच्या आसपास. त्यानंतर सगळा युरोप मागून भरायच्या बंदुकीसाठी धावला. ओलितवाले दादांची शेजाऱ्यांनी रीत बदलायची अट इथं पुरी होते.

उणीव पण भरपूर आहे. सुई मोडायची, म्हणून शिपाई जादा सुया जवळ ठेवत. खटक्याच्या फटीतून गरम वायू तोंडाकडे यायचा. पल्ला कमी. १८७० मध्ये फ्रेंचांची शासपो बंदूक तिच्यापेक्षा कितीतरी लांब मारायची, तेव्हा प्रशियाला तारलं ते क्रुपच्या पोलादी तोफांनी. तेव्हा ‘बचावात ताकद जास्त, चालून जाताना साधीच’ असं लिहा. रायफलमनच्या, म्हणजे गेममधल्या साध्या बंदूकवाल्याच्या, जागी येऊ द्या. उलान घेऊ नका, तो भालेवाला स्वार मुळात पोलंडकडचा. येगर चांगला आहे, वनरक्षकांच्या आणि शिकाऱ्यांच्या पोरांची तुकडी, पण तशा तुकड्या पुढे सगळ्यांनीच केल्या.

वऱ्हाडी_गडी, अकोट

हे वाचून मी माघार घेतो. भरमारवाल्या भाऊचं आजोबाचं वाचून तं डोळ्यासमोर आलं सगळं. सुईबंदूक घे भाऊ.

ओलितवाला, ता. दारव्हा

उशिरा लिहितो, वेचणीची बाई मिळेना म्हणून तीन दिवस घरचेच सगळे कपाशीत होतो.

तुम्हा दोघांचं वाचल्यावर एक करून पाहिलं. गोठ्याच्या आढ्यासाठी आणलेला बांबू पडून होता, मोजला तर सोळा फुटांच्या वर भरला. चुलतभाऊ आणि मी तो खांद्याच्या उंचीवर आडवा धरून पाहिला, एक हात बुडाशी, दुसरा हात दोन-अडीच फूट पुढे. पहिल्याच दमात कळलं की त्याचं टोक आपल्या ताब्यात नसतं. बुडाशी बोटभर हललं की तिकडं टोक हातभर हलतं. पावलागणिक ते वरखाली झोके घेतं. अर्ध्या मिनिटात पुढच्या हाताचं मनगट भरून आलं, आणि भावानं बाजूनं येऊन बांबूच्या आत पाय टाकला तेव्हा मला तो वळवताही आला नाही. एकट्या माणसाच्या हातात ते हत्यारच नाही. शेजारी, मागे, त्याच्या मागे अशीच माणसं एका पावलानं चालणारी असतील तरच त्याचा भाला होतो. चार गिल्डर कशाचे होते ते मला त्या अर्ध्या मिनिटात समजलं. चुलतभाऊ नंतर स्वतःहून म्हणाला, दादा, हे लोक ऊन लागल्यावर काय करत असतील?

भरमार दादांची बाजू मला खोडता येत नाही. पण वाचता वाचता एक अडलं. क्योनिग्ग्रेट्सला सॅक्सनीची फौज ऑस्ट्रियाकडून लढली, आणि त्या युद्धात बव्हेरिया, हॅनोव्हर हेही प्रशियाच्या विरुद्ध होते. म्हणजे सुईबंदुकीच्या समोरही जर्मन बोलणारीच माणसं होती. १८ जानेवारी १८७१ आधी एक जर्मनी नव्हताच. मग ती बंदूक ‘जर्मनी’च्या नावावर लावताना हात थांबला. ती प्रशियाची आहे आणि मी प्रशिया वेगळा देश करून त्याला देतो.

गाविलगड सर म्हणतील, लांट्सक्नेख्ट तरी कुठं एका बाजूनं होते? बरोबर आहे. पावियाला फ्रान्सच्या राजाच्या पदरी काळी तुकडी होती, तीही जर्मन भालकऱ्यांचीच, आणि फ्रान्सविरुद्ध लढणाऱ्या जर्मन बादशहाकडच्या लांट्सक्नेख्टांनी ती जवळजवळ पुरती कापून काढली. पण हे तर त्याच्या स्वभावातच बसतं. त्याला देश नव्हता, भाषा होती आणि पगार होता. जर्मनी देश नसतानाच्या साडेतीनशे-चारशे वर्षांसाठी मला याहून खरी तुकडी दिसत नाही.

फाइल अशी लिहिली आहे: लांट्सक्नेख्ट पाइकमनच्या, म्हणजे गेममधल्या साध्या भालकऱ्याच्या, जागी येतो, शहरात घडवता येत नाही, फक्त सोनं मोजून विकत, आणि घेतल्या चालीलाच हलतो. शेजारच्या चौकटीत आपलीच दुसरी तुकडी असेल तर ताकद वाढते, एकटा असेल तर साध्या पाइकमनपेक्षा कमी. हे बांबूनं शिकवलं. खजिना शून्याखाली गेला की तो कमजोर व्हावा असं मला हवं आहे, ते अजून जमलेलं नाही. कोणी या गेमच्या अटी लिहिल्या असतील तर कृपया सांगा, आज रात्री पुन्हा बसतोय. आणि भरमार दादा, आजोबांना एक बार भरायला साधारण किती वेळ लागायचा ते आठवत असेल तर कळवा, प्रशियासाठी आकडा ठरवायचा आहे.