मेंदूतील रक्तप्रवाहाच्या दोन मोजण्यांत एवढा फरक का?

प्रश्न :
एका संशोधनात निरोगी स्वयंसेवक म्हणून आर्टेरिअल स्पिन लेबलिंग (धमनीतील रक्तावर चुंबकीय खूण करून प्रवाह मोजण्याच्या) पद्धतीने माझा दोनदा एमआरआय झाला. मेंदूच्या करड्या भागातील रक्तप्रवाह पहिल्या वेळी दर १०० ग्रॅम ऊतीमागे मिनिटाला ५८ मिलिलिटर, तर तीन आठवड्यांनी ४९ भरला. मधल्या काळात माझी प्रकृती उत्तम होती. मग यंत्र चुकते आहे, की मी काळजी करावी?

प्रतिसाद १ :
दोन्ही आकडे निरोगी प्रौढाला साजेसेच आहेत. दुसऱ्या वेळी आपण कॉफी घेतली होती का? दोन कप कॉफीतील कॅफीन मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचित करून हा प्रवाह पाचव्या हिश्श्यानेही घटवू शकते. शिवाय धमनीतील कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरने उतरला, तरी प्रवाह साधारण ३ ते ४ टक्के कमी होतो. बोगद्यासारख्या त्या यंत्रात घाबरून भराभर श्वास घेणाऱ्याच्या बाबतीत हे सहज घडते. अशा वेळी मोजणी बरोबरच असते, प्रवाहच बदललेला असतो.

प्रश्नकर्ता :
पहिल्या वेळी सकाळी उपाशी पोटी गेलो होतो, दुसऱ्या वेळी दुपारी, दोन कप कॉफी घेऊन. हे कोणी विचारलेच नाही.

प्रतिसाद २ :
विचारायला हवे होते. तरीही सगळा दोष कॉफीच्या माथी मारू नये. या पद्धतीत काहीही टोचत नाहीत. मानेतून वर जाणाऱ्या रक्तातील पाण्यावरच चुंबकीय खूण करतात आणि खुणेसह व खुणेविना घेतलेल्या प्रतिमांची वजाबाकी करतात. ही वजाबाकी मूळ संकेताच्या जेमतेम १ टक्का भरत असल्याने डोके किंचित हलले तरी आकडा बिघडतो. खूण केल्यावर प्रतिमा घेण्यापूर्वी, २०१५ च्या तज्ज्ञ-शिफारशींनुसार, सत्तरीच्या आतील निरोगी व्यक्तीसाठी १८०० मिलिसेकंद थांबतात. ज्याचे रक्त त्याहून उशिरा पोहोचते, त्याचा प्रवाह आहे त्यापेक्षा कमी दिसतो.

प्रतिसाद ३ :
‘निरोगी व्यक्तींत ही चाचणी भरवशाची नाही’ असे वाचनात आले, तर तो भरवसा कशाने मोजला तेही पाहावे. इंट्राक्लास कोरिलेशन हा गुणांक मोजणीतील चूक माणसामाणसांतील फरकाशी ताडून पाहतो. सहभागी सगळेच पंचविशीतले आणि धडधाकट असतील तर त्यांच्यात मुळात फरकच थोडा, म्हणून चूक लहान असूनही गुणांक खाली येतो. आपल्याला हवे आहे ते एकाच व्यक्तीच्या मोजण्यांतील प्रमाण विचलन, म्हणजे त्या मोजण्या सरासरीभोवती किती पसरतात त्याचे माप. उदाहरणादाखल ते ५ मिलिलिटर धरले, तर दोन मोजण्यांत त्याच्या जवळपास २.८ पट, म्हणजे सुमारे १४ मिलिलिटरपर्यंतचे अंतर कॉफीविनाही पडू शकते. आपले अंतर ९ आहे.