थिअरी टेस्ट: प्रश्न सुटले, हॅझर्डमध्ये अडकले

प्रेषक: सभासद, स्विंडन

नमस्कार मंडळी,

या ईमेल यादीवर पहिल्यांदाच लिहितेय. आम्ही गेल्या वर्षी नाशिकहून इंग्लंडमध्ये स्विंडनला आलो. भारतातल्या लायसन्सवर इथे १२ महिने गाडी चालवता येते, ती मुदत उन्हाळ्यात संपली. मग प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन्स काढलं, हायवे कोड हे इथलं वाहतूक नियमांचं पुस्तक आणलं, दोन महिने मुलगा झोपला की रात्री अभ्यास केला आणि मंगळवारी थिअरी टेस्ट दिली. नापास झाले.

प्रश्नांत ५० पैकी ४८ मिळाले. पास व्हायला ४३ लागतात. पण हॅझर्ड परसेप्शनमध्ये, म्हणजे रस्त्याच्या व्हिडिओ क्लिप बघून धोका दिसला की क्लिक करायच्या भागात, ७५ पैकी ३७ आणि तिथे ४४ हवेत. दोन्ही भाग एकाच वेळी पास व्हावे लागतात, म्हणजे ते ४८ सुद्धा गेले.

मला खरंच कळत नाहीये, चुकलं कुठे? नाशिकला नऊ वर्षं गाडी चालवलीय. द्वारका चौकातून रोज ऑफिसला जायचे, एकदाही कुणाला धक्का लागला नाही. धोका मला दिसतो हो! क्लिप सुरू झाली की फुटपाथवर मुलगा दिसला, क्लिक. कुत्रा घेऊन चाललेले आजोबा, क्लिक. उभी व्हॅन, क्लिक. दोन क्लिपनंतर तर स्क्रीनवर सूचना आली की तुमचं क्लिक करणं बरोबर नाही, या क्लिपचे शून्य गुण.

गाडी नसल्यामुळे मुलाचं पोहणं बंद झालंय, सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचं तर टॅक्सी. मला ही परीक्षा लवकर पास व्हायची आहे. कुणी मराठीतून समजावून सांगेल का? परीक्षा इंग्रजीतच द्यायची हे माहीत आहे, पण डोक्यात मराठीतून शिरलं तर जास्त पक्कं बसेल असं वाटतं.


प्रेषक: सभासद, रेडिंग

ताई,

मी सोळा वर्षं इथे ड्रायव्हिंग शिकवतोय. भारतातून गाडी चालवून आलेली माणसं प्रश्नांत नाही, तुम्ही अडकलात तिथेच अडकतात. त्यामागचं कारण तुमचा अनुभव आहे, अज्ञान नव्हे.

द्वारका चौकात माणूस, हातगाडी, रिक्षा, प्रत्येक गोष्ट पुढच्या क्षणी आडवी येऊ शकते, म्हणून आपली नजर सगळ्यालाच धोका मानायला शिकलेली असते. ती नजर चांगली आहे, टाकू नका. पण परीक्षा वेगळं विचारते. धोका असू शकतो आणि धोका घडायला लागला, या दोन अवस्थांमधला क्षण तिला हवा असतो. उभी व्हॅन ही शक्यता झाली. तिचा उजवा इंडिकेटर लागला, चाक वळायला लागलं, की धोका घडायला लागला. क्लिक तिथे. मनात एकच प्रश्न ठेवा: यासाठी मला आत्ता ब्रेक लावावा लागेल का, की स्टिअरिंग वळवावं लागेल? उत्तर हो असेल तरच बोट दाबा.

एकूण १४ क्लिप असतात. १३ मध्ये एकेक धोका, एकीत दोन. कुठल्या क्लिपमध्ये दोन ते सांगत नाहीत. जितकं लवकर ओळखाल तितके गुण, जास्तीत जास्त ५. एकदा क्लिक करून अर्ध्या सेकंदाने पुन्हा एकदा केलं तर हरकत नाही, कारण कधी कधी आपण मोजणी सुरू व्हायच्या आधीच दाबतो. ठरावीक तालात किंवा सतत दाबलं की शून्य.

आता घरचा अभ्यास. मोबाइलवरच्या क्लिप बघाच, पण त्याआधी डबल डेकर बसने फिरा. वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या सीटवर बसा आणि जे दिसतं ते तोंडाने बोला, मराठीतच. "पांढरी गाडी उभी आहे. आत माणूस आहे. दार उघडतंय." शेवटच्या वाक्याला मांडीवर बोट टेका. तीन-चार फेऱ्यांत फरक जाणवेल. माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांना हा उपाय लागू पडलाय.

पुन्हा बसायला मधे किमान ३ कामकाजाचे दिवस जावे लागतात. फी तीच, २३ पौंड. बुकिंग फक्त सरकारी साइटवरून करा, वरचे पैसे मागणाऱ्या साइट्सकडे जाऊ नका. आणि पुढे शिक्षक शोधाल तेव्हा काचेवरचा बिल्ला बघा. हिरवा अष्टकोनी म्हणजे पूर्ण पात्र, गुलाबी त्रिकोणी म्हणजे अजून प्रशिक्षण चालू असलेला.


प्रेषक: सभासद, मिल्टन कीन्स

स्विंडनच्या ताई, तुमची मेल वाचून माझे दिवस आठवले. थिअरी मी पहिल्या फटक्यात पास झाले होते. प्रॅक्टिकलला पडले, आणि तेही नियमावरूनच.

मे २०२२. टेस्ट छान चालली होती, पंचवीसेक मिनिटं झाली होती. एका गल्लीत डावीकडे वळायचं होतं. कोपऱ्यावर एक बाई बाबागाडी घेऊन उभी होती, रस्त्यात उतरली नव्हती. मला वाटलं, ती थांबलीय, म्हणजे मी जायचं. मी वळले. तिने बाबागाडी मागे ओढली. त्या बाबागाडीची पुढची छोटी चाकं फुटपाथच्या कडेवरून उचलली गेलेली मला आरशात दिसली. शेजारी परीक्षक काही बोलले नाहीत, फक्त टॅबलेटवर टिकमार्क केला. तिथेच कळलं. पंधरा किरकोळ चुका चालतात, गंभीर एकही चालत नाही.

घरी येऊन पुस्तक काढलं. माझ्या पुस्तकात लिहिलं होतं की पादचाऱ्याने ओलांडायला सुरुवात केली असेल तर वाट द्या. पुस्तक दिराचं होतं, जुनं. २९ जानेवारी २०२२ पासून नियम बदललाय: जंक्शनला ओलांडण्यासाठी थांबलेल्या माणसालाही वाट द्यायची. ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते त्याच्यावर जास्त जबाबदारी, असा क्रमच आता कोडच्या सुरुवातीला दिलाय. म्हणून कळकळीने सांगते, कुणाचं जुनं पुस्तक घेऊ नका. कोड सरकारी साइटवर फुकट वाचता येतो.

आणखी एक. समोरच्याने हेडलाइट फ्लॅश केला की आपल्याकडे त्याचा अर्थ "मी येतोय, थांब". इथे लोक बहुतेक वेळा "तुम्ही या" म्हणून करतात. कोडमध्ये मात्र दोन्ही अर्थ नाहीत. तिथे फ्लॅशचा अर्थ एवढाच, की मी इथे आहे. म्हणजे फ्लॅश बघून निघायचं नाही, स्वतः बघून निघायचं. हा प्रश्न माझ्या थिअरीत आला होता.

रेडिंगच्या काकांनी सांगितलेलं नजरेबद्दलचं पटलं. मला स्वतःला ज्या वाक्याने हे सगळं उलगडलं ते कोडमध्येच आहे. हे नियम तुम्हाला कुठल्याही परिस्थितीत पुढे जाण्याचा हक्क देत नाहीत, दुसऱ्याला वाट कधी द्यायची ते सांगतात. मी तोवर प्रत्येक प्रश्नात "इथे कुणाचा नंबर?" असं शोधायचे. मग "इथे मी कुणाला वाट देऊ?" असं विचारायला लागले आणि राउंडअबाउट, झेब्रा, यलो बॉक्स (चौकातला पिवळ्या रेघांचा चौकोन), सगळ्यांची उत्तरं सरळ सापडायला लागली. पलीकडे जागा नसेल तर बॉक्समध्ये शिरायचं नाही, कारण आडव्या रस्त्यावरच्यांची वाट अडते. पाठ करावंच लागलं नाही.


प्रेषक: ज्येष्ठ सभासद, हॅरो

सर्वांस नमस्कार. मी १९७१ साली इथे आलो. आमच्या वेळी वेगळी थिअरी टेस्ट नव्हती, ती १९९६ साली सुरू झाली. परीक्षक गाडीतच शेवटी चार प्रश्न विचारीत.

स्विंडनच्या मुलीला एक उपयोगी गोष्ट देतो. ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्याचं अंतर सगळ्यांना घोकावं लागतं, पण साताऱ्याच्या शाळेत अडीचकी-औटकी, म्हणजे अडीच आणि साडेतीनचे पाढे, पाठ केलेल्याला ते घोकायला नको. वेग ताशी मैलात घ्या. २० ला दुप्पट, ३० ला अडीचपट, ४० ला तिप्पट, ५० ला औटपट म्हणजे साडेतीन पट, ६० ला चौपट, ७० ला साडेचारपट. उत्तर फुटांत येतं. तीस अडीच पंच्याहत्तर, म्हणजे ३० मैलांना ७५ फूट, २३ मीटर. पन्नास औट पावणेदोनशे, म्हणजे १७५ फूट, ५३ मीटर. सत्तरला ३१५ फूट, ९६ मीटर. हे कोरड्या रस्त्याचं. ओल्यात दोन गाड्यांमधलं अंतर किमान दुप्पट ठेवा, बर्फात दहापटीपर्यंत.

माझ्या पत्नीला मी १९७८ मध्ये असंच शिकवलं, स्वयंपाकघरात भिंतीवर खडूने लिहून. ती पहिल्याच प्रयत्नात पास झाली आणि मग चाळीस वर्षं आमच्या घरची गाडी तीच चालवत होती.

पाट्यांसाठी आकार लक्षात ठेवा. गोल पाटी हुकूम देते, त्रिकोणी सावध करते, चौकोनी माहिती देते. अपवाद थोडे. अष्टकोनी स्टॉप आणि उलटा त्रिकोण गिव्ह वे, हे आकार मुद्दाम वेगळे आहेत, म्हणजे पाटी बर्फाने झाकली तरी ओळखू यावी.


प्रेषक: सभासद, स्विंडन

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, मेल सासूबाईंना वाचून दाखवल्या. औटकी ऐकल्यावर त्यांनी ती पूर्ण म्हणून दाखवली. आता रोज रात्री त्याच माझी उजळणी घेतात.

शनिवारी मुलाला घेऊन बसने गेले. वर, पुढची सीट. सुरुवातीला लाज वाटली, मग मुलालाच खेळ आवडला. "आई, लाल गाडी उभी. आई, मागचा दिवा लागला. आई, आता!" तो सात वर्षांचा आहे आणि माझ्याआधी ओळखत होता, कारण तो सगळ्याला घाबरत नाही, हलायला लागलेल्यालाच बघतो. तिथे मला काकांचं म्हणणं पूर्ण कळलं.

आमच्याकडचा मॅजिक राउंडअबाउट तुम्हाला माहीत असेल, १९७२ सालचा, पाच छोटे गोल एका मोठ्या गोलाभोवती. खालून जाताना मला नेहमी धडकी भरायची. वरून बघितलं तर प्रत्येक छोट्या गोलाशी एकच गोष्ट घडत होती: उजवीकडून येणाऱ्याला वाट दिली, निघाले. पुन्हा वाट दिली, निघाले. बसचा ड्रायव्हर कुठेही घाई न करता तिसऱ्या गोलातून बाहेर पडला.

शेजारच्या गोव्याच्या ताई रविवारी त्यांच्या गाडीत सराव करून घेणार आहेत. त्यांचं इथलं लायसन्स अकरा वर्षांचं आहे आणि माझा लर्नर इन्शुरन्स काढून झालाय. टेस्ट पुढच्या गुरुवारी.

एक शंका राहिली. बस थांब्यावरून निघताना उजवा इंडिकेटर देते, तेव्हा मागच्या गाडीने थांबलंच पाहिजे का? शनिवारी दोन गाड्या थांबल्या, तिसरी नाही थांबली.


प्रेषक: सभासद, रेडिंग

सुरक्षितपणे थांबता येत असेल तर वाट द्यायची, खास करून तिने निघायचा इंडिकेटर दिला असेल तेव्हा. नियम २२३. मागे कुणी अगदी चिकटून येत असेल तर जोरात ब्रेक मारू नका, आधी आरसा बघा. आणि बसमागून कुणी पळत रस्ता ओलांडत नाही ना, तेही बघा. हॅझर्डच्या क्लिपमध्ये हे हमखास येतं.

गुरुवारी निघण्यापूर्वी फोन करा, प्रोव्हिजनल कार्ड पर्समध्ये ठेवलंय ना ते विचारतो.