नाताळात थीम पार्कातच मुक्काम केलाय का कोणी? या, सांगा अनुभव

पोरीच्या सीबीएसई शाळेला 24 पासून 1 तारखेपर्यंत सुट्टी, पुतण्याच्या स्टेट बोर्डाला 25 ची एकच, त्यामुळे घरात आधीच महाभारत सुरू आहे आणि त्यात पोरीचं म्हणणं की पार्क पाहून परत नाही यायचं, तिथेच झोपायचं. म्हणजे रिसॉर्टसकट. नागपूरकरांनो, ज्यांनी असं केलंय त्यांनी आपापल्या भागाचं नाव टाकून लिहा. पैसे वसूल झाले का, सोबत म्हातारी माणसं असली तर कसं, सगळं लिहा. सासरे 72 चे आहेत, गुडघे दुखतात पण मागे राहायला तयार नाहीत.

महालातून

आम्ही हैदराबादजवळची रामोजी फिल्म सिटी केली, बाबा सोबत होते, वय 74. नागपूरहून कारने 500 किमीच्या आसपास, पहाटे चारला निघालो, हिंगणघाट, आदिलाबाद, निर्मल असं करत. आत राहायला सितारा आणि तारा अशी दोन हॉटेलं आहेत, आम्ही तारात होतो, ते जरा खिशाला परवडतं. गिनीजवाल्यांनी जगातला सर्वात मोठा स्टुडिओ म्हटलंय ते काही उगाच नाही, बसमध्ये बसवून फिरवतात तरी पाय बोलायला लागतात. एक खोटं रेल्वे स्टेशन आहे तिथे, शूटिंगसाठीचं. बाबा फलाटावरच्या बाकावर जाऊन बसले ते उठायलाच तयार नाहीत, म्हणे गाडी येत नाही तर बाक कशाला ठेवला मंग. पण खरं सांगू का, आत राहायचा फायदा राईडसाठी नाही, तो दुपारसाठी आहे. दीड वाजता बाबांना रूमवर सोडलं, ते जेवून दोन तास घोरले, आणि संध्याकाळी कार्निव्हलची मिरवणूक निघाली तेव्हा आमच्याही आधी तयार होऊन, मफलर गुंडाळून खुर्ची धरून बसले होते. बाहेर हैदराबादेत हॉटेल घेतलं असतं तर दुपारीच सगळ्यांना परत फिरावं लागलं असतं. फक्त बुकिंग लवकर करा बाप्पा, 25 ते 31 मध्ये रेट ऐकून चक्कर येते.

प्रतापनगर

आमचा किस्सा 2018 चा. लांब कशाला जायचं म्हणून इथलंच, शहरापासून तासाभरावरचं वॉटर पार्कवालं रिसॉर्ट केलं, नाव नाही सांगत. आता आठवा 2018 चा डिसेंबर! 29 तारखेला नागपूर 3.5 अंशावर गेलं होतं, आणि आम्ही 28 ची रात्र तिथे काढली. नळाला सोलरचं पाणी, ते सकाळी नुसतं गार, गिझर नाही, रिसेप्शनवाला म्हणे सर ऊन चढलं की येईल गरम. अकरा वाजता पोरं ऐकेनात, घसरगुंडीवरून एकदा खाली आली आणि ओठ निळे, दात कडकड वाजून राहिले. दुसऱ्यांदा कोणीच चढलं नाही. मग गेटवरच्या चौकीदाराने शेकोटी पेटवली होती तिथे सगळे टॉवेल गुंडाळून बसलो, त्याने राखेत तुरीच्या शेंगा भाजून दिल्या. पोरांना आजही विचाराल तर त्या ट्रिपचं त्यांना फक्त तेवढंच आठवते. पाच हजार रुपये भरून शेकोटी शेकली म्हणा ना.

मनीषनगर

इमॅजिका, खोपोलीजवळचं. विदर्भ एक्स्प्रेसने गेलो, पहाटे कल्याणला उतरून खोपोली लोकल. विधिमंडळाचं नागपूर अधिवेशन आटोपून मुंबईला परतणारे आणि आम्ही, सगळ्यांची वेळ एकच, त्यामुळे आरक्षण दोन महिने आधी काढलं होतं तरी आरएसीच मिळालं. पार्कला लागूनच असलेल्या हॉटेलात राहिलो म्हणून सकाळी गेट उघडताच आत, आणि पहिल्या दीड तासात जे होतं तेवढंच होतं, त्यानंतर नाताळची गर्दी अशी की एकेका रांगेत उभं राहून पोरगं मोठं होईल.

मोठं व्हायची तर गरजच होती त्याला. नायट्रो म्हणून रोलर कोस्टर आहे, 132 फूट उंच, पायाखाली काहीच नाही, पाय लटकत असतात. त्याच्यासाठी वर्षभर युट्यूब पाहून बसला होता. उंचीच्या पट्टीपाशी उभा केला तर दोन बोटं कमी! पठ्ठ्याने घरूनच जाड तळव्याचे बूट घालून आणले होते आणि आत मोज्यांवर मोजे, तरी. ती मुलगी हसून म्हणाली, पुढच्या वर्षी ये. मग म्हणे बाबा तुम्ही जा, मी खालून पाहतो. गेलो. खाली आलो तेव्हा त्याने पहिलं काय विचारलं असेल, तर "तुम्ही डोळे उघडे ठेवले होते का?" खोटं बोललो.

धरमपेठ

आम्ही 2023 ला हाँगकाँगचं डिस्नीलँड केलं, फ्रोझन सिनेमावरचा पार्कातला नवा भाग नोव्हेंबरमध्येच उघडला होता म्हणून पोरी हट्टाला पेटल्या. नाताळ म्हणजे बर्फ असं डोक्यात, त्यामुळे बॅगा भरून स्वेटर, आणि तिथे नागपूरपेक्षा कमी थंडी! तिथल्या ट्रेनच्या खिडक्या मिकीच्या आकाराच्या आहेत, त्यात पोरींचे अर्धा तास फोटो. रात्री मेन स्ट्रीटवर खोटा बर्फ पाडतात, सगळे आ वासून पाहतात, आणि सासूबाईंनी तळहातावर झेलून वास घेऊन जाहीर केलं, "फेस आहे गं, भांड्याच्या साबणाचा." जेवणाचं विचारू नका. चिवड्यावर काढले तीन दिवस.

काटोल रोड

एवढे पैसे घालवण्यापेक्षा शेतावर हुरडा करा बे, संत्री तोडा, झोपा. झालं.

धागा काढणारी

हुरडा दरवर्षी होतोच भाऊ. महालवाल्या दादांचं वाचून यांनी फोन लावला, 25, 26 फुल, 28 ची रूम मिळाली तारात, घेऊन टाकली. सासऱ्यांना स्टेशनच्या बाकाचं सांगितलंय, ते आत्ताच खूश आहेत. प्रश्न फक्त पुतण्याचा, त्याची 28 ला शाळा आहे. जाऊबाई म्हणतात ताप आला म्हणून कळवू.