मदत हवी आहे : शैलेंद्रांच्या गाण्यांचा संग्रह नीट लावून पुढे कसा द्यावा?

नमस्कार मंडळी,

माझे धाकटे काका गेल्या वर्षी गेले. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्या आवरताना माळ्यावरून लाखेच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) एकशे बारा तबकड्या, रेडिओवरून भरून घेतलेल्या साठेक कॅसेट आणि जाड पुठ्ठ्याच्या चार वह्या निघाल्या. पुण्यात लताबाईंची, रफींची किंवा मदनमोहन यांची गाणी जमवणारे पुष्कळ भेटतात. काकांनी मात्र गीतकार धरून संग्रह केला होता, आणि तोही एकाच गीतकाराचा. सगळी गाणी शैलेंद्रांची आहेत, निदान काकांना तशी वाटत होती, आणि माझी पहिली अडचण याच 'वाटत होती'पाशी सुरू होते.

थोडे काकांविषयी सांगते, कारण त्यावाचून वह्या कळणार नाहीत. ते खडकीला कारखान्यात फिटर होते. 'हर ज़ोर-ज़ुल्म की टक्कर में हड़ताल हमारा नारा है' ही घोषणा त्यांनी गेटवरच्या सभेत शेकडो वेळा दिली असेल, पण ती कोणी लिहिली हे त्यांना ठाऊक नव्हते. ती लिहिणारा माणूस माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात कामाला होता आणि 'बरसात'मधली (१९४९) दोन गाणीही त्याचीच आहेत, असे पुढे कोणीतरी सांगितले आणि तिथून वह्या सुरू झाल्या. प्रत्येक पानावर गाणे, चित्रपट, साल, गायक आणि संगीतकार असे रकाने असून शेवटचा रकाना 'कोठे ऐकले' असा आहे, आणि त्यात 'वि. भा., भूले बिसरे गीत' (म्हणजे विविध भारतीवरचा तो कार्यक्रम) असे लिहून पुढे तारीख टाकली आहे. गाणे शैलेंद्रांचेच आहे याची खात्री नसेल तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आहे. खात्री झाली की ते खोडून त्या जागी हिरव्या शाईने बरोबरची खूण केली आहे. खोडलेल्या जागी कागद इतका खरखरीत झाला आहे की डोळे मिटून बोट फिरवले तरी कोणत्या गाण्यांनी त्यांना छळले ते समजते. चारही वह्यांत मिळून अजून त्रेचाळीस प्रश्नचिन्हे शिल्लक आहेत.

ही बहुतेक प्रश्नचिन्हे शंकर-जयकिशन या संगीतकार जोडीच्या चित्रपटांत आहेत, याचे कारण उघड आहे. तिथे शैलेंद्र आणि हसरत जयपुरी दोघेही लिहीत असत, आणि माझ्याकडच्या बहुतेक तबकड्यांच्या लेबलवर गायक, चित्रपट व संगीतकार असले तरी गीतकाराचे नाव नाही. चित्रपटगृहात मिळणाऱ्या गाण्यांच्या चोपड्यांपैकी तीन काकांनी जपून ठेवल्या होत्या, पण त्यांत दोघांची नावे मुखपृष्ठावर एकत्र छापून आत नुसती गाणी दिली आहेत. 'श्री ४२०' (१९५५) मध्ये 'रमैया वस्तावैया' शैलेंद्रांचे आणि 'इचक दाना बिचक दाना' हसरत यांचे, हे मला माहीत आहे. परंतु 'तीसरी कसम'मधले (१९६६) 'दुनिया बनानेवाले' हे गाणे निर्माते स्वतः शैलेंद्र असल्यामुळे त्यांच्याच नावावर इतक्या ठिकाणी दिसते की, ते हसरत यांचे आहे हे सांगितल्यावर घरातल्याच दोघांनी माझ्याशी वाद घातला. म्हणून माझा पहिला प्रश्न असा, की एखादे गाणे नक्की कोणाचे हे ठरवण्यासाठी पुण्यात बसून पाहता येईल असे भरवशाचे साधन कोणते आहे?

दुसरी गोष्ट सांगताना मला अजून वाईट वाटते. तबकड्या आणि कॅसेट संगणकावर घ्याव्यात म्हणून मी सुरुवातीला वीस तबकड्या आणि दहा कॅसेट एका दुकानात दिल्या. परत मिळालेल्या फाइलींची नावे 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' अशी होती आणि खरखर काढण्याच्या नादात सारंगी व बासरीचा सूर पाण्याखालून यावा तसा झाला होता. 'बसंत बहार'ची (१९५६) तबकडी कडेपासून मध्यापर्यंत तडकून परत आली. पंडित भीमसेन जोशी आणि मन्ना डे यांचे 'केतकी गुलाब जूही' तिच्यावर आहे. या गावात ते गाणे सर्वांना ठाऊक आहे आणि दोन गायकांची नावे घेऊन ते दर दोन महिन्यांनी कोणीतरी मला पाठवतही असते, पण खाली शैलेंद्रांचे नाव मी आजवर एकदाही पाहिलेले नाही.

तबकडी तडकली हा अपघात म्हणून मी सोडून दिला असता. कॅसेटचे जे झाले ते त्याहून वाईट होते. रेडिओवरून गाणे भरताना काका निवेदकाचा आवाजही भरत असत, म्हणजे आधी चित्रपट, मग गायक, 'गीत शैलेंद्र का', संगीतकार, आणि त्यानंतर गाणे. दुकानदाराने ही सगळी निवेदने 'फालतू आवाज' समजून कापून टाकली. ज्यासाठी ती कॅसेट भरली होती, नेमके तेच गेले. मूळ कॅसेट माझ्याकडे सुखरूप आहेत, एवढेच समाधान आहे. तेव्हा दुसरा प्रश्न हा, की हे काम घरी, बेताच्या खर्चात आणि वस्तूंना इजा न होता कसे करावे? काकांचा चावीचा ग्रामोफोन चालू स्थितीत आहे, पण त्यावर वाजवून मोबाइलवर भरून घ्यावे हे मनाला पटत नाही.

तिसरा प्रश्न वाटण्याचा आहे. हा संग्रह माझ्या कपाटात पडून राहावा असे मला वाटत नाही. परिचयातल्या पंधरावीस लोकांनी गाणी मागितली आहेत आणि दोघा अभ्यासकांना वह्या हव्या आहेत. गाणी अशी पाठवणे कायद्यात बसते का, आणि बसत असेल तर गीतकाराचे नाव गाण्यापासून पुन्हा तुटणार नाही अशा रीतीने ती कशी पाठवावीत, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद १

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी एका ग्रंथात आहे. कानपूरचे हरमंदिर सिंह 'हमराज़' यांनी संकलित केलेला 'हिंदी फ़िल्म गीत कोश' दशकवार खंडांत आहे. १९५१ ते १९६० साठी तिसरा आणि १९६१ ते १९७० साठी चौथा खंड पाहावा. चित्रपटागणिक गाण्यांची यादी, गायक, गीतकार आणि तबकड्यांचे क्रमांक त्यात दिलेले आहेत. तुमच्या लेबलवर गीतकार नसला तरी क्रमांक असणारच; तो कोशातल्या क्रमांकाशी जुळवला, तर आपण त्याच गाण्याविषयी बोलत आहोत याची खात्री होते. चोपड्यांसाठी लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात चौकशी करावी. संग्रहालय १९६४ पासूनचे आहे आणि गाण्यांच्या पुस्तिकांचा मोठा साठा तिथे आहे. जाताना त्रेचाळीस गाण्यांची यादी चित्रपटांच्या नावांनुसार लावून न्यावी, म्हणजे तिथल्या लोकांना शोधणे सोपे जाते.

शंकर-जयकिशन यांच्याबाहेर तुम्हाला फारसा त्रास होणार नाही. सचिनदेव बर्मन यांच्या 'गाइड'ची (१९६५) आणि पंडित रविशंकर यांच्या 'अनुराधा'ची (१९६०) सगळी गाणी शैलेंद्रांची आहेत. सलील चौधरी यांच्या 'मधुमती'लाही (१९५८) शैलेंद्रच आहेत. काकांनी भोजपुरी 'गंगा मइया तोहे पियरी चढ़इबो' (१९६३) नोंदवला आहे का, हे जरूर पाहा. हिंदीपुरते पाहणाऱ्यांच्या नजरेतून तो नेहमी निसटतो.

एक सावधगिरी बाळगावी. संगणकावर गाण्यांची माहिती आपोआप भरणारी जी साधने असतात, ती शैलेंद्र, त्यांचे चिरंजीव शैली शैलेंद्र आणि 'बॉबी'चे (१९७३) गायक शैलेंद्र सिंह यांना एकाच नावाखाली कोंबतात. माझ्या स्वतःच्या संगणकात 'मैं शायर तो नहीं' सहा महिने गीतकार शैलेंद्रांच्या नावावर नांदत होते. त्यामुळे माहिती हातानेच भरावी.

प्रतिसाद २

चावीच्या ग्रामोफोनवर या तबकड्या पुन्हा लावू नका. त्याची पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलायची असते, आणि त्या जड ध्वनिपेटीखाली तबकडीची खाच दर वेळी थोडी झिजते. ७८ चा वेग असलेला साधा विजेवरचा टर्नटेबल घ्यावा आणि त्याला ७८ ची वेगळी सुई लावावी. एलपीच्या, म्हणजे नंतर आलेल्या कमी वेगाच्या तबकडीच्या, सुईचे टोक साधारण एक हजारांश इंचाचे किंवा त्याहून बारीक असते आणि ७८ च्या तबकडीला सुमारे तीन हजारांश इंचाचे लागते. एलपीची सुई खाचेच्या तळाशी जाऊन तिथली धूळ वाजवते. तुमच्या दुकानदाराने हीच चूक केली असेल आणि त्यातून आलेली खरखर काढताना गाणेही पुसले असेल, असा माझा अंदाज आहे.

तबकड्या पुसताना स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेले काहीही वापरू नये, कारण लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब टाकून मऊ कापडाने खाचेच्या दिशेने पुसावे, लेबल कोरडे राखावे आणि सावलीत उभी ठेवून वाळवावी. ठेवतानाही उभ्याच ठेवाव्यात. आडवी चळत रचली की खालच्या तबकड्या तडकतात. पावसाळ्यात सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांत ओल किती असते हे मी सांगायला नको, तेव्हा माळा कायमचा सोडावा.

भरताना मूळ आवाज जसा येईल तसा वेव्ह फाइलमध्ये घ्यावा आणि त्या फाइलीला कधीही हात लावू नये. खरखर कमी करायची असेल ती प्रतीवर करावी. ऑडॅसिटी हे आवाज भरण्याचे व दुरुस्त करण्याचे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि या कामाला पुरते. कॅसेटच्या बाबतीत भरण्यापूर्वी टेपरेकॉर्डरचे हेड साफ करावे, आणि निवेदन अर्थातच कापू नये. पूर्ण निवेदनासह एक फाइल आणि नुसत्या गाण्याची दुसरी, अशा दोन ठेवल्या तर ऐकणाऱ्यांची तक्रारही राहत नाही.

प्रतिसाद ३

मी वकिली करतो, म्हणून तिसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. एका गाण्यात तीन वेगळे हक्क असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षे टिकतो, म्हणजे १९५५ च्या तबकडीवरचा हक्क २०१५ अखेर संपला. शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क मात्र रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे चालतो. शैलेंद्र १४ डिसेंबर १९६६ रोजी गेले, त्यामुळे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०२६ अखेरपर्यंत आहे. चालींचे गणित आणखी लांबते. जयकिशन १९७१ मध्ये गेले तरी शंकर १९८७ पर्यंत होते आणि जोडीच्या रचनेत शेवटी गेलेल्याचे वर्ष धरतात. सलील चौधरी तर १९९५ पर्यंत होते. तात्पर्य, तबकडी जुनी आहे म्हणून गाणे सर्वस्वी मोकळे झाले, असे समजू नये.

स्वतः ऐकण्यासाठी किंवा अभ्यासासाठी प्रत करण्याला कायद्यात जागा आहे. ती सर्वांसाठी खुली टाकणे किंवा तिचे पैसे घेणे ही निराळी गोष्ट झाली. काकांच्या वह्यांतल्या नोंदी, म्हणजे कोणते गाणे, कोणता चित्रपट, कोणी लिहिले आणि कोणी गायले, ही मात्र निव्वळ माहिती आहे. ती तुम्ही निःशंकपणे सर्वांना देऊ शकता, आणि माझ्या मते तुमच्याकडचा सर्वांत मोलाचा ऐवज तोच आहे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. प्रतिसाद ३ वाचल्यावर मी क्रम उलटा करायचे ठरवले आहे, म्हणजे आधी वह्या आणि मग आवाज. चारही वह्यांची पाने स्कॅन करून नोंदींचा एक तक्ता करते आणि तोच प्रथम सर्वांना देते. गाणी तूर्त अभ्यासकांपुरती ठेवते. प्रत्येक फाइलीच्या नावात सुरुवातीलाच 'शैलेंद्र' घालणार आहे, मग चित्रपट आणि साल, कारण फाइलीच्या आत भरलेली माहिती एका मोबाइलवरून दुसऱ्यावर जाताना कधी कधी गळते, नाव मात्र सहसा टिकते.

भोजपुरी चित्रपट तिसऱ्या वहीत सापडला. समोर प्रश्नचिन्ह नाही, सरळ हिरवी खूण आहे.

काल कोशाचा तिसरा खंड एका स्नेह्यांकडे पाहायला मिळाला आणि एका बैठकीत अकरा प्रश्नचिन्हे सुटली. त्यांपैकी चार गाणी हसरत यांची निघाली. ती मी खोडली नाहीत; काकांच्या पेन्सिलीशेजारी 'हसरत' एवढेच लिहिले आणि खंडाचा क्रमांक टाकला. उरलेल्या बत्तीस गाण्यांची यादी घेऊन येत्या आठवड्यात संग्रहालयात जाईन.

आता एकच मागणे आहे. पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये कोणाकडे 'केतकी गुलाब जूही'ची न तडकलेली ७८ ची तबकडी असेल, तर ती मला विकत किंवा उसनीही नको. मी नवी सुई आणि लॅपटॉप घेऊन आपल्या घरी येईन, आपल्यासमोर एकदाच वाजवून भरून घेईन आणि एक प्रत आपल्याला तिथेच देईन. जुन्या बाजारात गेले दोन रविवार आणि एक बुधवार फिरले. 'बसंत बहार'ची दुसरी एक तबकडी मिळाली, पण हे गाणे मिळाले नाही.