पायांची अस्वस्थता ही पार्किन्सनची नांदी असते का?

प्रश्न

माझ्या वडिलांना काही वर्षांपासून पार्किन्सन आहे. मला स्वतःला रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांच्या आत काहीतरी सळसळल्यासारखे वाटते आणि उठून चार पावले चालल्याशिवाय चैन पडत नाही. डॉक्टरांनी नुकतीच मला प्रॅमिपेक्सोलची लहान मात्रा लिहून दिली आणि घरी येऊन पाहते तो वडिलांच्या गोळ्यांच्या पाकिटावरही तेच नाव. तेव्हापासून शंकेची पाल चुकचुकते आहे. त्यात भर म्हणजे हल्ली वडीलही पाय अस्वस्थ होतात म्हणून रात्री उठून बसतात. आम्हा दोघांचे दुखणे एकच असेल का?

पहिला प्रतिसाद

मी मेंदूविकारांच्या रुग्णांवर उपचार करतो. ताई, औषध एक असले म्हणून आजार एक ठरत नाही. प्रॅमिपेक्सोल हे मेंदूतील डोपामिन या संदेशवाहक रसायनासारखे काम करते, म्हणून ते दोन्हींत देतात. पार्किन्सनमध्ये मेंदूच्या सबस्टँशिया नायग्रा या भागातील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. आपण वर्णन केलेल्या अस्वस्थ पायांच्या विकारात पेशींचा तसा ऱ्हास होत नाही, तर मेंदूत लोह कमी पडल्यामुळे डोपामिनचे कार्य बिघडते, असे मानले जाते. पार्किन्सनच्या रुग्णांत त्याच सबस्टँशिया नायग्रामध्ये लोह वाढलेले आढळते, म्हणजे याच्या अगदी उलट. एकबॉम या स्वीडिश वैद्यांनी 1945 मध्ये सविस्तर वर्णन केलेला हा विकार पुष्कळ लोकांना असतो आणि त्यांतील बहुतेकांना पुढे पार्किन्सन होत नाही. झोपेत स्वप्नाबरहुकूम ओरडणे, हातपाय झाडणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. पार्किन्सनची पूर्वसूचना म्हणून तिला खरे महत्त्व आहे, तेव्हा तसे काही होत असेल तर डॉक्टरांना अवश्य सांगा.

आपण फेरिटिनची, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी रक्ताची तपासणी केली आहे का? अहवालावर ‘नॉर्मल’ लिहिलेले पाहून थांबू नका. या विकारात फेरिटिन 75 (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) किंवा त्याहून कमी असेल तर सहसा लोह देण्याचा विचार होतो आणि प्रयोगशाळांची खालची मर्यादा याहून बरीच कमी असते. प्रॅमिपेक्सोलने सुरुवातीला छान आराम पडतो, परंतु दीर्घकाळ घेतल्यास काहींचा त्रास रात्रीऐवजी दुपारीच सुरू होतो, हातांपर्यंतही पसरतो आणि मात्रा वाढवली की आणखी बळावतो. म्हणून अलीकडे गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन या वेगळ्या गटातील औषधांना आधी पसंती दिली जाते. हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला, पण चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

दुसरा प्रतिसाद

माझ्या यजमानांनाही पार्किन्सन आहे, म्हणून आपल्या वडिलांविषयी लिहिते. त्यांचे पाय केव्हा अस्वस्थ होतात याच्या वेळा लेव्होडोपाच्या, म्हणजे पार्किन्सनच्या मुख्य औषधाच्या, वेळांशेजारी मांडून पाहा. आमच्याकडे वहीत नोंदी केल्यावर दिसले की पुढच्या गोळीची वेळ जवळ आली की, मग ती सकाळ असो वा रात्र, यांचे पाय ओढल्यासारखे होत आणि गोळी लागू पडली की शांत होत. तो औषधाचा अंमल ओसरल्याचा त्रास होता; डॉक्टरांनी दोन मात्रांमधले अंतर बदलल्यावर तो पुष्कळ कमी झाला. आणखी एक सांगते. लोहाची गोळी लेव्होडोपाबरोबर घेतली तर लेव्होडोपा शरीरात नीट शोषला जात नाही, म्हणून त्या दोन्हींत निदान दोन तासांचे अंतर ठेवावे लागते.

प्रश्नकर्ती

मनावरचे मोठे ओझे उतरले. माझे फेरिटिन कधीच तपासलेले नाही, ते आता करून घेते. वडिलांना मात्र पायच नव्हे, सगळे अंगच अस्वस्थ होते, दिवसाही एका जागी बसवत नाही. मळमळीसाठी त्यांना मेटोक्लोप्रमाइड दिले होते, त्याचा काही संबंध असेल का?

पहिला प्रतिसाद देणारे डॉक्टर

दाट शक्यता आहे. हे औषध डोपामिनला अटकाव करते, त्यामुळे पार्किन्सनची लक्षणे वाढतात, पायांचा त्रासही वाढतो आणि अकॅथिसिया म्हणजे अंगभर पसरणारी, रात्रीची वाट न पाहणारी तळमळ सुरू होऊ शकते. पार्किन्सनच्या रुग्णांना ते शक्यतो देत नाहीत. पुढच्या भेटीची वाट न पाहता त्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करून हे औषध चालू असल्याचे सांगा आणि मळमळीवर पर्यायी औषध विचारा. पायांच्या वेळांची वही त्यानंतरही चालू ठेवा, कारण मेटोक्लोप्रमाइड थांबवूनही काही त्रास उरला, तर तो कशाचा आहे हे त्या नोंदींवरूनच ठरवता येईल.