निवृत्त लष्करी परिचारिका, जुना छळ आणि तुटलेली झोप: नेमकं काय करावं?

गोदाकाठ: देवळाली कॅम्प-नाशिकरोड भागातल्या निवृत्त लष्करी परिचारिका आणि शॉर्ट सर्व्हिस (ठरावीक वर्षांची लष्करी नोकरी) करून बाहेर पडलेल्या महिला अधिकाऱ्यांच्या समुपदेशनासाठी विचारतेय. वयं ४५ ते ५५. नवऱ्याचा छळ संपून वर्षं लोटली, तरी रात्री दोन-अडीचला जाग येतेच. डॉक्टर म्हणतात पाळी जातेय, नाहीतर नाइट ड्युटीची सवय. मोबाइल लांब, संध्याकाळचा चहा बंद, सगळं करून झालं. पुढे काय?

रातराणी: ताई, तिन्ही कारणं एकत्र असू शकतात, म्हणून आधी ती सुटी करा. १४ दिवस वही ठेवायची. रात्री घड्याळ बघायचं नाही, सकाळी उठल्यावर अंदाजाने लिहायचं. कितीदा जाग आली यापेक्षा जाग कशी आली ते महत्त्वाचं. छातीतून मानेकडे, चेहऱ्याकडे गरम लाट चढली, काही मिनिटांत ओसरली आणि मग थंडी वाजली, तर ते पाळी जाण्याचं. डोळ्यांसमोर प्रसंग किंवा कानात आवाज घेऊन उठल्या, तर दुःस्वप्न. ही बहुधा पहाटेकडे जास्त पडतात. तोंड कोरडं, सकाळी डोकं जड, घोरणं असेल तर झोपेत श्वास अडकतोय का हे स्लीप स्टडीत (रात्रभराच्या झोपेच्या तपासणीत) बघून घ्या. पाळी गेल्यावर बायकांत याचं प्रमाण वाढतं आणि 'बाई आहे, घोरत नसेल' म्हणून ते हमखास निसटतं.

आणखी एक, जे कोणी विचारत नाही: गळा दाबला होता का? डोकं भिंतीवर आपटलं होतं का? मेंदूला मार बसला असेल तर त्यानेही झोप बिघडते. डॉक्टरांना हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

मोजमाप_४२२: निद्रानाशासाठी पहिला उपचार गोळी नाही, सीबीटी-आय, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धती. सहा-आठ बैठका लागतात. वहीतून सरासरी काढा. समजा अंथरुणात आठ तास आणि झोप साडेपाच, तर अंथरुणाची वेळ साडेपाच तासच ठेवायची: साडेबाराला आडवं, सहाला उठायचं, रविवारीसुद्धा. आठवडाभर अंथरुणातला ८५ टक्के वेळ झोपेत गेला की १५ मिनिटं वाढवायची. पाच तासांच्या खाली कधीच जायचं नाही. पहिले दोन आठवडे दिवसा पेंग येते, तेव्हा मुंबई-आग्रा हायवेवर गाडी चालवू नये. फिट्स किंवा बायपोलर असेल तर हे स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

अल्प्राझोलाम (चिंता कमी करायची, झोप आणणारी गोळी) वर्षानुवर्षं चालू असेल तर एकदम थांबवू नका, झोप आणखी उडते. डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या.

गोदाकाठ: यातच गाडं अडतं. 'झोप येईना तर उठून बाहेरच्या खोलीत बसा' हा सीबीटी-आयचा नियम सांगितला की उठून कड्या तपासत फिरतात. चार-चार वेळा.

रातराणी: कारण त्यांना पलंग हीच धोक्याची जागा वाटते. शरीर पहाऱ्यावर उभं आहे, त्याला अंधार आणि बंद दार सोसत नाही. म्हणून पुस्तकी नियम थोडे वाकवायचे. कड्या एकदाच, ठरल्या वेळी तपासायच्या आणि वहीत खूण करायची. पलंग दार दिसेल असा फिरवायचा, पॅसेजमध्ये मंद दिवा ठेवायचा. बसायची खुर्ची दुपारीच लावून ठेवायची, म्हणजे अंधारात शोधाशोध नाही. कान पूर्ण बंद करणारे बोळे नकोत. पंख्याचा एकसुरी आवाज पुरतो.

दुःस्वप्नांसाठी वेगळा सराव आहे. सगळ्यात भयंकर स्वप्न नाही, मध्यम त्रासाचं निवडायचं. दिवसाउजेडी त्याचा शेवट बदलून लिहायचा आणि रोज १० ते २० मिनिटं ते नवं रूप मनात चालवायचं. रात्री झोपताना नको.

कॅम्पातला_वकील: या सगळ्याआधी एक विचारा: छळ खरंच संपलाय का? रात्री अकराला फोन येत असतील, पेन्शनवरून धमक्या असतील, तर जागं राहणं हा आजार नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा पूर्वी एका घरात राहिलेल्यांनाही लागू होतो. याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे (लष्करातल्या नव्हे) अर्ज देता येतो. तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१, मनाच्या त्रासासाठी टेलीमानस १४४१६. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून मानसोपचाराचं रेफरल घ्या. कॅम्पात सगळे सगळ्यांना ओळखतात, तेव्हा 'माझ्या माजी पतीला यातलं काही कळवू नये' हे केसपेपरवर लिहून मागा. माजी पतीचा मोबाइल नंबर तिथल्या जुन्या नोंदीत राहिलाय का, तेही त्याच खेपेला तपासून घ्या.