तीन रात्रींत पोर्ट ब्लेअर : आईला घेऊन जाताना काय ठेवावे आणि काय सोडावे?

प्रश्न (जुळे सोलापूर)

सर्वांना नमस्कार. येत्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आई, मी आणि महाविद्यालयात शिकणारी माझी मुलगी अशा आम्ही तिघी अंदमानला जाण्याचे ठरवीत आहोत. आईचे वय ७४ आहे. तिची प्रकृती तशी ठणठणीत आहे, परंतु गुडघ्यांमुळे जिने चढताना तिला मध्ये मध्ये थांबावे लागते. काळ्या पाण्याची शिक्षा जिथे भोगली गेली ती जागा एकदा डोळ्यांनी पाहायची, एवढीच तिची इच्छा आहे, आणि ती इच्छा ती गेली कित्येक वर्षे बोलून दाखवीत आहे.

आमच्या हाती तिथल्या तीनच रात्री आहेत. येथील एका प्रवासी संस्थेने जो कार्यक्रम आखून दिला आहे, त्यात पहिल्या दिवशी विमानतळावरून थेट सेल्युलर जेल आणि समुद्रकिनारा, दुसऱ्या दिवशी पहाटे चारला निघून बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा, तिसऱ्या दिवशी बोटीने हॅवलॉक बेट आणि त्याच दिवशी परत, अशी मांडणी आहे. तो कागद वाचल्यापासून मला सारखे वाटत आहे की यात आईला जे पाहायचे आहे त्यालाच सर्वांत कमी वेळ आहे. तीनही दिवस राजधानीच्या गावातच राहिलो तर ते वाया गेल्यासारखे होईल का? जेलमध्ये जिने किती चढावे लागतात? आणखी एक लहानशी शंका म्हणजे, काही ठिकाणी पोर्ट ब्लेअर तर काही ठिकाणी श्री विजयपुरम असे लिहिलेले दिसते. तिकीट काढताना यामुळे काही घोटाळा होतो का?

उत्तर १ (सेवानिवृत्त शिक्षक, होटगी रोड)

ताई, शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती चटकन मिटण्यासारखी आहे. १३ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने पोर्ट ब्लेअरचे नाव श्री विजयपुरम असे केल्याचे जाहीर केले. गाव तेच आणि विमानतळही तोच, वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळ. बोलण्यात लोकांच्या तोंडी जुनेच नाव आहे, म्हणून मीही तेच वापरतो.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या दिवशी प्रवासाने शिणलेल्या शरीराने जेल पाहून टाकायचे, ही मांडणी मला मुळीच मान्य नाही. ज्या वास्तूसाठी आपल्या मातोश्री एवढ्या दूर येणार आहेत, तिला एक संपूर्ण सकाळ आणि निराळी एक संध्याकाळ द्यावी.

१८५७ च्या उठावानंतर, १० मार्च १८५८ रोजी, दोनशे बंदिवानांची पहिली तुकडी या बेटांवर उतरवण्यात आली. म्हणजे जेलची इमारत उभी राहण्याच्या कितीतरी आधीपासून हे सारे बेटच तुरुंग होते. इमारतीचे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळात झाले. मधोमध मनोरा आणि त्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे निघालेल्या सात तीनमजली इमारती, अशी तिची रचना होती. एका इमारतीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे येईल अशी योजना मुद्दाम केलेली होती, जेणेकरून कोणत्याही कैद्याला समोरच्या कैद्याचा चेहरा दिसू नये. सामायिक बराक कुठेच नव्हती. ६९३ कोठड्या, प्रत्येक कोठडीत एकच माणूस, आणि तीन मीटर उंचीवर एक झरोका. ‘सेल्युलर’ हे नाव त्या कोठड्यांवरूनच पडले. आज सातांपैकी तीनच इमारती उभ्या आहेत, आणि जिथे जुन्या इमारती होत्या त्या आवारात आता सरकारी रुग्णालय आहे.

जिन्यांविषयी सांगायचे तर, फाशीघर, कोलू म्हणजे तेलाचा घाणा ठेवलेली कामाची पडवी, प्रवेशद्वाराजवळचे संग्रहालय आणि मधले अंगण हे सारे जमिनीच्या पातळीवर आहे, त्यामुळे आईंना एकही मजला न चढता बरेच काही पाहता येईल. सावरकरांची कोठडी मात्र सर्वांत वरच्या मजल्यावर, ओळीच्या अगदी टोकाला आहे. ४ जुलै १९११ रोजी ते येथे आले आणि १९२१ मध्ये त्यांना येथून हलवण्यात आले. थोरले बंधू बाबाराव त्यांच्या आधीपासूनच याच जेलमध्ये होते. वर जायचे असेल तर सकाळी दार उघडताच जावे, प्रत्येक मजल्यावर पाच मिनिटे टेकावे आणि त्यानंतर मनोऱ्याच्या गच्चीचा हट्ट धरू नये. मनोऱ्यात बंदिवानांची नावे प्रांतवार कोरलेल्या शिळा आहेत, त्या मात्र मुलीला अवश्य वाचायला सांगा.

मुलीसाठी आणखी एक सुचवतो. आपण सोलापूरकर चार हुतात्मा चौकातून नेहमी येतो-जातो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, मे १९३३ मध्ये, या जेलमध्ये राजबंद्यांनी उपोषण केले. त्यांच्या नाकातून नळी घालून बळजबरीने दूध पाजण्यात आले आणि त्या प्रकारात महावीर सिंह, मोहन किशोर नामदास आणि मोहित मोइत्र हे तिघे मृत्युमुखी पडले. जेलसमोरच्या बागेत त्यांचे पुतळे आहेत. बहुतेक पर्यटक त्यांच्या पुढून तसेच निघून जातात, याचे मला फार वाईट वाटते. आपल्या गावाने त्याच काळात काय सोसले हे मनात ठेवून तिथे उभे राहिले, तर ते तिघे परके वाटत नाहीत.

संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम अंगणात बसून पाहायचा असतो. हिंदी खेळाची तिकिटे आधी काढून ठेवावीत.

उत्तर २ (यंत्रमाग व्यवसाय, अशोक चौक)

सरांनी जेलविषयी सांगितले, मी प्रवासाविषयी आणि तिथल्या माणसांविषयी सांगतो.

सोलापूरहून दोन वाटा सोयीच्या आहेत. एक म्हणजे रेल्वेने चेन्नई आणि तिथून विमान, जे सव्वादोन तासांच्या आसपास पोहोचवते. दुसरी म्हणजे रेल्वेने किंवा गाडीने हैदराबाद आणि तिथून विमान. हैदराबाद आपल्याला सुमारे ३०० किलोमीटर, म्हणजे आईंच्या दृष्टीने हा टप्पा पुष्कळ सुसह्य आहे. मात्र तिथून थेट विमान मिळते का, हे आपल्या तारखांना पाहून घ्यावे. वाट कोणतीही असो, रेल्वे आणि विमान एकाच दिवशी जोडू नये. मध्ये एक रात्र मुक्काम ठेवावा, कारण रेल्वेला उशीर झाला तर विमान थांबत नाही. चेन्नईहून जहाजही जाते, पण त्याला जवळजवळ तीन दिवस लागतात, तेव्हा या खेपेस तो विचार नको.

आमच्या घरी तेलुगू बोलतात. पूर्व भागातील आम्हा पद्मशाली कुटुंबांत ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. पोर्ट ब्लेअरच्या बाजारात पहिल्याच सकाळी नारळवाल्याने तेलुगूत हाक मारली, तेव्हा मी क्षणभर साखर पेठेत उभा आहे की काय असे वाटले. आंध्रातून, विशेषतः उत्तर किनाऱ्याच्या जिल्ह्यांतून, तिथे पुष्कळ लोक जाऊन स्थायिक झालेले आहेत. बंगाली आणि तमिळ तर सर्रास ऐकू येते. पण या सगळ्यांना जोडणारी भाषा हिंदी आहे आणि तिचे मूळ त्या जेलच्या इतिहासातच आहे. निरनिराळ्या प्रांतांतून आणलेले कैदी एकमेकांशी जी हिंदुस्तानी बोलले, ती त्यांच्या वंशजांची मातृभाषा झाली. या वंशजांना तिथे ‘लोकल बॉर्न’ म्हणतात. आपली टॅक्सी चालवणारा गृहस्थ त्यांच्यापैकी असला, तर त्याला आदराने त्याच्या आजा-पणजाविषयी विचारावे. मला जे एका वृद्ध चालकाकडून अर्ध्या तासात समजले, ते कोणत्याही फलकावर लिहिलेले नव्हते.

जेवणाची चिंता करू नये. अबर्डीन बाजाराच्या परिसरात इडली-डोसा आणि शाकाहारी थाळी सहज मिळते. तरीही कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर असावी, कारण बोटीच्या दिवशी जेवणाची वेळ हमखास चुकते. तिघींचीही मूळ ओळखपत्रे जवळ ठेवावीत. किनाऱ्यावरचे शंख, शिंपले किंवा प्रवाळाचे तुकडे उचलून पिशवीत टाकू नयेत. ते बेटाबाहेर नेण्यास निर्बंध आहेत आणि विमानतळावर सामान तपासताना ते काढून घेतले जातात. शंखाची वस्तू घ्यायचीच असेल तर सागरिका या सरकारी विक्रीकेंद्रातून घ्यावी आणि पावती सांभाळून ठेवावी.

प्रश्नकर्ती

सर, दादा, दोघांचे मनःपूर्वक आभार. आईला सरांचे उत्तर मोठ्याने वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि नंतर म्हणाली, “वर चढीन मी. हळूहळू चढीन.” आता उरलेल्या दोन दिवसांचा प्रश्न आहे. मुलीला हॅवलॉकचा किनारा पाहण्याची ओढ आहे, आणि बाराटांग रद्द करायचे की नाही हेही अजून ठरत नाही.

उत्तर ३ (गृहिणी, सात रस्ता)

ताई, मी माझ्या सासूबाईंना घेऊन गेले होते, तेव्हा त्या ७१ वर्षांच्या होत्या. त्यामुळे अनुभवाचे लिहिते.

सर्वांत आधी घड्याळ बाजूला ठेवा. पोर्ट ब्लेअर आपल्यापेक्षा जवळजवळ १७ रेखांश पूर्वेला आहे, पण वेळ मात्र भारताचीच. त्यामुळे सूर्य आपल्यापेक्षा तासभर आधी उगवतो आणि तासभर आधी मावळतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सोलापुरात साडेसहाच्या सुमारास जो अंधार पडू लागतो, तो तिथे साडेपाचलाच पडू लागतो. पहिल्या दिवशी आम्ही आपल्या सवयीप्रमाणे दुपारी वामकुक्षी घेऊन चहा पिऊन बाहेर पडलो आणि किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत दिवस संपला होता. दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला उठून सहाला बाहेर पडू लागलो. ऊन चढण्याच्या आत निम्मे काम होते आणि वयस्कर माणसाला दुपारी निश्चिंत झोपता येते. तिथली हवा दमट आहे. आपल्या कोरड्या उन्हाची सवय असलेल्या माणसाला तहान न लागताही घाम जातो, म्हणून आईंना दर तासाला पाणी किंवा शहाळे द्यावे.

बाराटांग मी रद्दच करा असे म्हणेन, आणि त्यामागचे कारण केवळ गुडघे हे नाही. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर, ठरावीक वेळी सुटणाऱ्या गाड्यांच्या ताफ्यातला प्रवास आणि पुढे बोट व पायवाट हे सारे थकवणारे तर आहेच. पण तो रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या भागातील वाहतूक बंद करण्याचा आदेश दिला होता, तरीही गाड्या आजही जातातच. गुहा पाहण्याच्या निमित्ताने आपण कोणाच्या तरी घराच्या अंगणातून काचेला नाक लावून जावे, हे माझ्या मनाला पटले नाही. या लोकांविषयी जाणून घ्यायचे असेल तर गावातले मानववंशशास्त्र संग्रहालय आहे. तिथे ग्रेट अंदमानी, ओंगी, जारवा, सेंटिनली, निकोबारी आणि शोम्पेन या सहाही समाजांविषयी माहिती मिळते. माझ्या मुलाला ते जेलइतकेच आवडले.

हॅवलॉक, म्हणजे आताचे स्वराज द्वीप, सुंदर आहे यात शंका नाही. परंतु एका दिवसात जाऊन परत येणे म्हणजे दोन्ही वेळा मिळून तीन-चार तास बोटीत आणि उरलेला वेळ परतीच्या बोटीकडे लक्ष ठेवण्यात. तिथे एक रात्र राहता येत नसेल तर जाऊ नये. समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी तर असा बेत मुळीच करू नये.

त्याऐवजी मुलीला रॉस बेटावर न्या. २०१८ पासून त्याचे नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे आहे. अबर्डीनच्या धक्क्यावरून बोटीने पंधरा मिनिटांच्या आत पोहोचता येते. फक्त बुधवारी ते बंद असते, हे लक्षात ठेवा. समोरच्या किनाऱ्यावर कैदी कोलू ओढत असताना इंग्रज अधिकारी या बेटावर राहत असत. चर्च, बेकरी, नृत्यगृह, सगळे काही तिथे होते. १९४१ चा भूकंप आणि १९४२ मधील जपानी ताबा यांनंतर ते ओस पडले. आज भिंती कोसळल्या आहेत आणि वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांनी मुळांनी त्या आवळून धरल्या आहेत. सासूबाईंना बॅटरीवर चालणाऱ्या गाडीतून फिरता आले. ती गाडी चालू आहे का, हे तिकीट काढतानाच विचारा. आदल्या सकाळी जेल आणि दुसऱ्या सकाळी रॉस, असा क्रम ठेवलात तर दोन्ही जागांचा अर्थ लागतो. उलट क्रमाने तो तितकासा लागत नाही, असे मला वाटते.

किनाऱ्यासाठी कॉर्बिन्स कोव्ह गावापासून जवळ आहे. तिथे मगरींच्या इशाऱ्याचे फलक लावलेले आहेत, ते गांभीर्याने घ्यावेत आणि मुलीला पाण्यात उतरू देऊ नये. वाळूत बसण्यासाठी मात्र जागा छान आहे.

उत्तर १ (पुन्हा)

सात रस्त्याच्या ताईंनी सांगितलेला क्रम योग्य आहे. त्यात एवढीच भर घालतो की वेळ उरला तर चॅथम बेट पाहावे. ते पुलाने गावाला जोडलेले असल्यामुळे बोटीची गरज पडत नाही. १८८३ पासूनची लाकूड कापण्याची सरकारी गिरणी तिथे आहे, आणि १८५८ ची ती पहिली तुकडी आधी याच चॅथमवर उतरवली होती.

प्रश्नकर्ती

प्रवासी संस्थेला आज नकार कळवला. हैदराबादमार्गे जायचे ठरले आहे आणि तिथे एक रात्र मुक्काम आहे. पोहोचण्याच्या दिवशी फक्त विश्रांती आणि संध्याकाळी कॉर्बिन्स कोव्ह, दुसऱ्या दिवशी सकाळी जेल आणि रात्री हिंदी खेळ, तिसऱ्या दिवशी रॉस आणि दुपारनंतर संग्रहालय. तो तिसरा दिवस गुरुवारी येतो, हे पाहून घेतले. मुलगी थोडी हिरमुसली होती, पण उपोषणातल्या त्या तिघांविषयी वाचून आता तीच आजीला रोज काही ना काही सांगत असते. आईने कालपासून सकाळी गच्चीपर्यंतचे दोन जिने चढण्याचा सराव सुरू केला आहे.